ड्रायव्हरताई पायी निघाल्या

ड्रायव्हरताईंना पळायला लावलं ते त्यांच्या कंबरेने. शहरबस चालवायची म्हणजे दिवसभर एका जागी बसणं. संध्याकाळी उतरताना कंबर अशी धरलेली असायची की पायरीवर क्षणभर वाकूनच उभं राहावं लागे. म्हणून दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात त्या डेपोच्या आवारात चकरा मारू लागल्या. आधी सावकाश, मग भरभर, आणि एके दिवशी बघता बघता चक्क पळतच.

"ताई, बस पंक्चर झाली का? पायीच निघालात!" मेकॅनिकने गाडीखालून डोकं काढून विचारलं.

त्याला थट्टेची भारी हौस. पण मॅरेथॉनचं पत्रक आणून त्यांच्या वायपरखाली खोचलं तेही त्यानेच. ताईंनी ते वाचलं आणि त्यांचे डोळे लकाकले. शर्यतीचा अर्ध्याहून जास्त मार्ग म्हणजे त्यांच्याच बसचा मार्ग! बाजार, कोर्ट, उड्डाणपूल, नदीकाठ. आणि त्या सकाळी सगळी वाहनं बंद.

"ज्या रस्त्यावर मी रोज इंच-इंच जागेसाठी भांडते, तो अख्खा मोकळा करून देतायत," त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या. "आणि मी काय अंथरुणात लोळत पडू?"

नवरा शिवणकाम करायचा. गल्ली त्याला मास्तर म्हणायची. आधी त्याला वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे, उतरेल. पण बायको महिनोन्‌महिने पहाटे बूट बांधून बाहेर पडतेय हे पाहिल्यावर त्याने मुकाट्याने तिच्या पँटला किल्ल्यांसाठी आतून खिसा शिवून दिला. मास्तरचं कौतुक तोंडातून कमी आणि सुईतून जास्त यायचं.

शर्यतीच्या सकाळी ताई सुरुवातीच्या रेषेपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आयोजकांनी दिलेले नारिंगी टी-शर्ट घातलेली हजारो माणसं जागच्या जागी उड्या मारत होती. कुणी खांदे फिरवत होतं, कुणी डोळे मिटून पुटपुटत होतं. मग भोंगा वाजला, गर्दी हलली आणि ताईंचे पाय आपोआप चालू झाले.

काय मजा होती म्हणता! रस्त्याच्या मधोमध, ना रिक्षा आडवी येत होती, ना मागून कुणी हॉर्न मारत होतं. कोर्टाच्या चौकात दिवा लाल झाला तसा सवयीने त्यांचा पाय ब्रेक शोधायला गेला. मग त्यांना हसूच फुटलं. लाल दिव्याच्या नाकावर टिच्चून त्या पुढे निघाल्या. बाजाराच्या स्टॉपवर नेहमीचे प्रवासी घोळका करून उभे होते. एरवी "थांबा, थांबा" म्हणून गळा काढणारी तीच मंडळी आज बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "थांबू नका हो ताई! आज अजिबात थांबू नका!"

उड्डाणपूल मात्र भलताच निघाला. बस चढवताना गिअर बदलला की काम झालं. आज तोच चढ उरावर बसला. अर्ध्यात पोटरीत असा गोळा आला की ताईंनी कठडाच धरला. इथवर आले हे काय थोडं झालं, त्या मनाशी म्हणाल्या. बाजूला बसावं, पाणी प्यावं, आणि...

"ओ ताई! ओळखलंत का मला?"

लाल टोपीतली एक बाई धापा टाकत शेजारी येऊन थांबली.

"मी बँकेतली. रोज सकाळी तुमच्या बसमागे पळते ना, ती! आठवड्यातून एकदा तरी टाकून जाता मला."

ताई ओशाळल्या. "अहो, वेळेचं बंधन असतं आम्हाला. मुद्दाम नाही हो."

"राहू दे! तुमच्यामुळेच तर पळायची सवय लागली. पाय इकडे करा बघू."

तिने खाली बसून पोटरी चांगली रगडली. ताई कळवळल्या, पण गोळा सुटला.

"चला आता. मी नाही तुम्हाला टाकून जायची."

मग काय, दोघी निघाल्या. पुलाच्या उतारावर वारा तोंडावर आला आणि ताईंच्या अंगात नवा जीव आला. बँकवाली वाटभर एकेका चुकलेल्या बसचा हिशेब ऐकवत होती, आणि हसून हसून ताईंना श्वास पुरत नव्हता. नदीकाठी बँडचा आवाज कानावर पडला तेव्हा दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जी धूम ठोकली! शेवटची कमान बँकवालीने हातभर आधी ओलांडली.

"आज बस मागे राहिली!" ती दोन्ही हात वर करून नाचली. घामाने निथळत दोघींनी एकमेकींना घट्ट मिठी मारली.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत मास्तर आला. चेहरा आनंदाने फुललेला, हातात मोबाइल.

"सगळं टिपलंय! तू कमानीतून आलीस ते अगदी जवळून!"

ताईंनी गळ्यात नुकतंच पडलेलं पदक सावरत पाहिलं. पडद्यावर नारिंगी टी-शर्टातली एक उंच, अनोळखी बाई धावत होती, आणि मास्तरचा आवाज घुमत होता, "ती बघा, माझी बायको आहे ती! पळ गं, पळ!" त्या बाईने आधी चमकून पाहिलं होतं, मग हसून वेगही वाढवला होता.

"अहो, ही कोण?"

मास्तरने चष्मा वर केला, खाली केला. "रंग तर तोच होता गं..."

ताई फुटपाथवर बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. इतक्या वर्षांत मास्तर चारचौघांत एवढ्या मोठ्याने ओरडलेला त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "आवाज मोठा करा."