काजाचा दोरा

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, शर्टांना काजं करतात आणि लोकांचं डोकं खातात. दोन्हींत त्यांचा हात धरणारं कोणी नाही.

शिवणाचं दुकान घरचंच. पुढे मशिनी, मागच्या खोलीत कापडाचे तागे. ताग्यांच्या फटींत कोळी राहतात आणि घाईत हात घातला की चावतात. चावला रे चावला की वन्सं काजाचा मेण लावलेला दोरा घेऊन हजर. चावल्या जागेच्या वर असा करकचून बांधायच्या, की माणूस कोळ्याला विसरून वन्संच्या नावाने ओरडायचा. "विष वर चढायला नको," हे ठरलेलं वाक्य. आमच्याकडचे कोळी साधे. थोडी सूज, थोडी खाज, संपलं. माणूस बरा व्हायचाच, श्रेय मात्र दोऱ्याला. वन्संचा भाव वाढला आणि नाक त्याहून वर गेलं.

मग एकदा त्यांनाच चावला, उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला. दोऱ्याचं टोक दातांत धरून त्यांनी स्वतःच बांधून घेतलं. संध्याकाळी बोट काळंनिळं दिसायला लागलं.

"सोडा तो दोरा," मी म्हटलं.

"तुला मी मेलेलीच हवी आहे."

"ते नंतर बघू. आधी बोट वाचवा."

ऐकतील तर त्या वन्सं कसल्या! दुसऱ्या दिवशी मी जबरदस्तीने कात्री घातली, तेव्हा त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. तोवर उशीर झाला होता. डॉक्टरांनी बोटाचं पेर काढलं आणि स्पष्ट सांगितलं, हे कोळ्याने नाही, दोऱ्याने केलंय. जागा साबणाने धुवायची, गार कापड ठेवायचं, लालीभोवती पेनाने रेघ ओढायची. लाली रेघेबाहेर गेली, पेटके आले किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, तर धावत यायचं. बांधायचं नाही, कापायचं नाही, पिळायचं नाही. वन्सं छताकडे बघत होत्या. घरी येऊन त्यांनी गल्लीभर सांगितलं, "भावजयीने दोरा कापला म्हणून विष चढलं. माझं बोट तिने खाल्लं." लोकांना ते पटलंही. मला त्यांचा राग येतो, आणि तो जाणार नाही.

परवा नवऱ्याला चावला. कापड बेतून कापणारा तोच, आणि चावला कात्रीच्याच हाताला. हात गेला तर दुकानाला कुलूप. मी साबण आणेपर्यंत वन्सं दोरा घेऊन पोचल्या होत्या, आणि माझ्याकडे न बघता याने हात त्यांच्यापुढे केला. लहानपणापासूनची सवय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्यांनी वेढे घातले. गाठ आवळताना ते आखूड बोट दोऱ्यावरून घसरलं. पुन्हा घसरलं. नवरा त्या बोटाकडे बघत राहिला. मग त्याने वेढे सोडवून हात मागे घेतला.

"राहू दे, ताई."

"काही झालं तर हिच्या माथी!"

"असू दे माझ्या माथी," मी म्हटलं आणि नळ सोडला.

हात धुतला, गार कापड ठेवलं, रेघ ओढली. वन्सं दोरा रिळाला गुंडाळत तिथेच उभ्या होत्या. नवरा आत गेल्यावर हळूच म्हणाल्या, "त्या संध्याकाळीच सोडला असता, तर वाचलं असतं का गं?"

"वाचलं असतं," मी म्हटलं. खोटं बोलून त्यांना बरं वाटू द्यावं, एवढी मी चांगली नाही.