आधी कवळी, मग दात

विमानतळावरच्या तपासणीच्या माणसाने मावशींची बॅग उघडली आणि तो दोन पावलं मागे सरकला. आत कपड्यांचे दोन जोड, एक बायबल, आठ किलो प्लॅस्टर आणि खोकं भरून दात होते.

"हे कोणाचे?"

"अजून कोणाचेच नाहीत," मावशी म्हणाल्या.

मावशी एकेचाळीस वर्षं एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत कवळ्या करत होत्या. त्या खोलीला खिडकी नव्हती आणि पेशंटही नव्हते. पुढून यायची ती मापं आणि सोबत चिठ्ठी: बाई, वय अमुक, रंग तमुक. निम्म्या गावाच्या तोंडात मावशींचं काम होतं, पण त्यातलं तोंड त्यांनी एकही पाहिलं नव्हतं. रस्त्यात कोणी मोकळेपणाने हसलं की त्या थांबून बघत राहत. लोकांना वाटे, बाई फार प्रेमळ आहे.

दवाखाना आता छोट्या डॉक्टरांचा होता. छोटे डॉक्टर बावन्न वर्षांचे. मोठे डॉक्टर जाऊन वीस वर्षं झाली, तरी यांना बढती मिळाली नव्हती. दरवर्षी ते चर्चची तुकडी घेऊन परदेशी सेवेला जात, पाच दिवसांत शेकडो दात काढत आणि परत येऊन मंडळीला आकडा सांगत. यंदा पेशंटच्या तोंडावर बत्ती धरणारा माणूस आजारी पडला, म्हणून मावशींचं नाव घातलं. सून म्हणाली, "या वयात? तुमचे स्वतःचे तरी किती दात उरलेत, आई?"

"एकही नाही. म्हणूनच दुसऱ्याचं कळतं."

शिबिर तिथल्या चर्चच्या सभागृहात होतं. चार खुर्च्या, चार बादल्या आणि दारापाशी एक फळा. त्यावर छोटे डॉक्टर दर तासाला काढलेल्या दातांचा आकडा वाढवत. तिथले पाळक दुभाष्याचं काम करत. माणूस इतका प्रामाणिक, की कोणी शिंकलं तरी भाषांतर करील.

मंगळवारी शेजारच्या शाळेतल्या बाई खुर्चीत बसल्या. वरचे पुढचे चार दात हलत होते, हिरडीत पू होता. डॉक्टर म्हणाले, चारही काढावे लागतील. बाईंनी ऐकलं, तोंडावर हात धरला आणि त्या खुर्चीतून उठल्याच. पाळकांनी सांगितलं, "त्या म्हणतात, पहिलीच्या मुलांसमोर उभं राहून अक्षरं शिकवायची असतात. आधी दात द्या, मग काढा."

"असं कुठे असतं?" डॉक्टर हसले.

"असतं," बत्तीमागून मावशी म्हणाल्या.

"मावशी, बाहेर रांग बघा केवढी आहे. खाण्यापुरते मागचे दात आहेत की त्यांना."

"त्यांना चणे खायचे नाहीयेत, शिकवायचंय."

"आपण सेवेला आलोय. लोकांना नटवायला नाही."

मावशींनी बत्ती खाली ठेवली. "छोटे डॉक्टर, लग्नाच्या आधी तुमच्या पुढच्या दोन दातांवर टोप्या मी केल्या. ती सेवा होती की नटणं?"

पाळकांनी याचंही भाषांतर केलं, मोठ्याने, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. सभागृह हसलं. डॉक्टर तेवढे ओठ मिटून उभे राहिले.

"दोन दिवस गोळ्या द्यायच्याच आहेत," ते शेवटी म्हणाले. "गुरुवारी दुपारी दात निघणार. तोवर जमलं तर जमलं. मी हात लावणार नाही."

मग मावशींनी स्वतःच माप घेतलं. दुसऱ्याच्या जिवंत तोंडात बोट घालण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. चिठ्ठी नव्हती, बाई स्वतःच समोर होत्या. प्लॅस्टरचा साचा वाळल्यावर मावशींनी सुरीने त्यातले पुढचे चार दात कापून टाकले. शाळेच्या बाई बघत होत्या. त्यांनी डोळे मिटले. मग खोक्यातून बाईंनी सगळ्यांत पांढरे दात निवडले. मावशींनी ते परत ठेवले, किंचित पिवळट घेतले आणि मेणात बसवताना एक दात जरासा तिरका केला, बाईंचा होता तसाच.

बुधवारी मेणाच्या जागी गुलाबी प्लॅस्टिकचा लगदा भरला आणि तो घट्ट व्हायला साच्यातली कवळी चर्चच्या स्वयंपाकघरात पातेल्यात उकळायला ठेवली. यात पाणी नुसतं हसायला हवं, खदखदायला नको. मावशी हात धुवायला गेल्या तेवढ्यात पाळकांनी, लवकर व्हावं म्हणून, आच पूर्ण वाढवली. कवळी निघाली ती पावासारखी भोकाभोकांची.

पाळकांचा चेहरा पडला. मावशी म्हणाल्या, "पाळकसाहेब, तुमची श्रद्धा मोठी. पण आच बारीक हवी होती."

त्यांनी खोक्यातून पुन्हा चार दात काढले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळे जमले, तेव्हा डॉक्टर दारात आले. "मावशी, प्रार्थनेला येताय ना?"

"माझी शेगडीवर चालू आहे. तुम्ही करा सुरू."

डॉक्टर जरा वेळ पातेल्याकडे बघत उभे राहिले. मग पाळक पुन्हा मदतीला येऊ नयेत म्हणून त्यांना हाताला धरून घेऊन गेले.

गुरुवारी दुपारी डॉक्टरांनी चार दात काढले. मावशींनी कवळी पुढे केली. ती डॉक्टरांनी उजेडात धरली, उलटसुलट पाहिली, कड बोटाने चाचपली आणि परत मावशींच्या हातात दिली. "तुमचं काम आहे. तुम्हीच बसवा."

ती बसली. मावशींनी पाळकांकरवी बजावलं, "उद्यापर्यंत काढायची नाही. तीन महिन्यांनी हिरडी आटेल, कवळी सैल होईल. तेव्हा मी येईन. यांनी आणलं नाही तरी येईन." शेवटचं वाक्य पाळकांनी डॉक्टरांकडे बघत सांगितलं.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या खिडकीतून अक्षरं ऐकू आली, आधी बाईंची, जरा बोबडी, मग चाळीस मुलांची, तितकीच बोबडी.

शनिवारी निघताना फळ्यासमोर फोटो ठरला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: काढलेले दात, ३१२. मावशींनी खडू उचलून खाली लिहिलं: बसवलेले, ४.

"मावशी, हे जरा विचित्र दिसतं. पुसू का?"

"पुसा की. पण मग वरचंही पुसा."

दोन्ही ओळी राहिल्या. शाळेच्या बाईंना मधोमध उभं केलं. गाल सुजून डबा झालेला, ओठ घट्ट मिटलेले. फोटो काढणारा म्हणाला, "बाई, हसा ना जरा! एवढे दात केले तुमच्यासाठी!"

पाळकांनी भाषांतर केलं. बाईंनी ओठ जेमतेम उघडून उत्तर दिलं आणि पुन्हा मिटले.

"त्या म्हणतात," पाळक म्हणाले, "दात वर्गासाठी आहेत. फोटोसाठी नाहीत."

फोटोत सगळ्या तुकडीत हसणारं माणूस एकच आहे: मावशी, स्वतः केलेल्या कवळीनिशी.