मागल्या सालची सुई

माझी थोरली जाऊ जनकाबाई ही कुरुंद्याची आशाताई. अठरा वर्षं झाली तिला या कामाला. गावातल्या कोणत्या लेकराला कोणती सुई कधी टोचायची, हे वही न उघडता सांगते. मी जिवनबाई, तिची धाकटी जाऊ. तोंडानं फटकळ आहे, सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तिची न माझी भिंत एक, चुली दोन, अन् भांडण रोजचं. पण खोटं कशाला बोलू, गेल्या पावसाळ्यात ती जशी भ्यायली तशी कोणी बाई भ्यालेली मी पाहिली नाही. मीही भ्याले, फक्त मी ते आरडाओरड्यात दडवते.

तिची एकुलती एक लेक सपना. लहानपणापासून थोडा दमा. वसमतला रत्नपालला दिली, जावई गुणाचा आहे. सातवा लागला तशी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणली. आषाढाचे दिवस होते. जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी दारात तांदूळ निवडत होते. सपनानं मागून विचारलं, "आई, यंदाची सुई आली का? फ्लूची? घेऊ का मी?"

जनकाबाईनं मानसुद्धा वळवली नाही. "मागल्या साली शिबिरात घेतली न्हाईस का? झालं की मंग. अशा सुया काय दरसाल टोचून घ्यायच्या असतात व्हय?"

आता यात तिचं चुकलं काय, असं कोणीही म्हणंल. त्याच्या आदल्या पावसाळ्यात गावात तापाची साथ आली होती, तेव्हा एका संस्थेनं शाळेत शिबिर घेऊन बायाबापड्यांना फ्लूची सुई दिली होती. सपनाही तेव्हा माहेरी आलेली. जनकाबाईनं सगळ्यांची नावं वहीत उतरवून घेतली. अन् गेल्या पावसाळ्यात दवाखान्यात गरोदर बायांसाठी नवी लस आली, तेव्हा तिनं तीच वही काढली. शिबिरात सुई झालेल्या सहा गरोदर बायांच्या नावापुढं 'झाली' असं लिहिलं, अन् त्यांना बोलावलंच नाही. दुबार टोचून लस वाया कशाला घालवायची? गोवराची, पोलिओची, बीसीजीची, जन्मभर तिनं हेच पाहिलं होतं. ठरलेल्या सुया झाल्या की झालं. स्वतःच्या हुशारीवर खूश होती बया.

पुढच्या आठवड्यात सपनाला ताप आला. अंग मोडून आलं, खोकला लागला. मी म्हटलं, "आक्का, दवाखान्यात ने." तर म्हणती, "सुई झालीय तिची, साधा पडसं-ताप हाय, उतरंल." दोन दिवस काढा न वाफ चालली. तिसऱ्या दिवशी सकाळी सपनाला ओसरीवरून न्हाणीपर्यंत जाववेना. दाराची चौकट धरून उभी राहिली अन् माशासारखी तोंड उघडून हवा घेऊ लागली. ओठ निळे. जनकाबाईच्या हातातला तांब्या तिथंच पडला.

दवाखान्यात ऐश्वर्या मॅडम होत्या, आमच्या गावच्या डॉक्टर. वयानं लहान, पण बोलतात थेट. बोटाला चिमटा लावला, आकडा पाहिला, अन् लगेच ऑक्सिजन लावून नांदेडला न्यायला गाडी बोलावली. फ्लूवरची गोळीही चालू केली, म्हणाल्या, ही पहिल्याच दिवशी मिळायला पाहिजे होती. जनकाबाई एकच घोकत होती, "पण मॅडम, सुई झालीय तिची. मी स्वतः लिहिलंय."

"कधी झालीय?"

"मागल्या साली."

मॅडमनी सपनाच्या तोंडावरचा मास्क नीट बसवला. मग म्हणाल्या, "जनकाताई, ती मागल्या सालच्या किड्याची सुई होती. अन् तेव्हाचं बळही वर्षभरात उतरतं."

गाडी यायला अर्धा तास होता. त्या अर्ध्या तासात मॅडमनी जे सांगितलं, ते मला जसं कळलं तसं सांगते. हा किडा, म्हणजे फ्लूचा विषाणू, स्वतःच्या नकला काढत सुटतो, लाखो नकला, अन् काढताना चुका करतो. त्याला तपासणारं कोणी नाही. बऱ्याच चुका फुकट जातात, पण एखाद्या चुकीनं त्याचा चेहराच जरासा बदलतो. सुईनं आपल्या अंगाला मागल्या सालचा चेहरा ओळखायला शिकवलेलं असतं. यंदाचा बदललेला समोर आला की अंग त्याला नीट ओळखत नाही, अन् तो सरळ घरात शिरतो. कधी कधी तर पाखराचा न डुकराचा असे दोन वाण एकाच जनावरात गाठ पडतात, अन् आपसात तुकडेच्या तुकडे बदलून घेतात. मग जो निघतो त्याला तर कोणीच ओळखत नाही. म्हणून लस दरसाल नवी करावी लागते.

दिसत नाही, वास नाही, अन् वर दरसाल तोंड बदलून येतो! असल्या वैऱ्याशी माणसानं लढावं तरी कसं?

जनकाबाईनं मॅडमची बाही धरली. "मंग एकदा घेतली की जनमभर पुरंल अशी सुई काहून काढत न्हाईत?"

"शोधून राहिलेत की," मॅडम म्हणाल्या. "ज्वारीचं कसं, वर कणीस अन् खाली ताट, म्हणजे देठ. या किड्याच्या अंगावर तशीच देठावरची बारीक बोंडं असतात. वरचं बोंड बदलत राहतं, खालचा देठ फारसा बदलत नाही. पण आपलं अंग बोंडावरच नजर ठेवतं. देठ ओळखायला त्याला शिकवता आलं, तर कोणताही वाण आला तरी चालेल. जगभर त्याच्या चाचण्या चालू आहेत. पण हातात अजून नाही आली."

"अजून न्हाई," जनकाबाई पुटपुटली. मग विचारलं, "यंदाची दिली असती तर हे झालं नसतं ना?"

"शपथेवर नाही सांगता येत. पण इतकं बळावलं नसतं बहुतेक." मॅडम खोटा धीर देणाऱ्यांतल्या नाहीत. मला त्यांचा तेव्हा राग आला.

नांदेडला दोन दिवस आम्ही अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसून काढले. दार उघडलं की आम्ही तिघं उठून उभे राहायचो. डॉक्टर सांगून गेले होते, आणखी बिघडलं तर बाळाला वेळेआधी काढावं लागंल, अन् दोघांचंही सांगता येत नाही. रत्नपाल भिंतीला डोकं लावून बसायचा. जनकाबाईनं दोन दिवसांत एक घास तोंडात घातला नाही. मी ओरडले, शिव्या घातल्या, शेवटी रडले. ती नुसती हाताची बोटं मोजत बसलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती एकदम उठली. "जिवने, पाच जणी."

"कोणत्या पाच?"

"सपना धरून सहा जणींपुढं 'झाली' लिहिलंय म्या. बाकीच्या पाच गावात तशाच हायेत. साथ चालू हाय. मॅडमला फोन केला, डोस शिल्लक हायेत. सुई घेतली तरी बळ यायला दोन आठवडे लागतात म्हणं. आजच जायला पाहिजे."

मी भडकलेच. "डोकं फिरलं का तुझं? लेक आत मरायला टेकली, अन् तुला गाव सुचून राहिलंय?"

तिनं पदर खोचला. "मी हितं बसून काय करून राहिले, सांग? भिंत बघते. तिकडं त्या माझ्या भरवशावर बसल्यात. मला लई भेव वाटतंय, जिवने. सपनाचंही, त्यांचंही. पण हितलं माझ्या हातात न्हाई."

रत्नपालनं डोळे पुसले. "जा मामी. मी हाय हितं." मग मीही चपला घातल्या. अशा अवस्थेत तिला एकटी सोडायला मी काय दगड आहे?

गाडीत ती सारखी फोन पदरानं पुसत होती. वाजला तरी भीती, नाही वाजला तरी भीती.

गावात पोचल्यावर ती घरी गेली नाही, सरळ त्या दारांवर गेली. चार घरी चार वेळा मी ते ऐकलं. "माझं चुकलं. मागल्या सालच्या सुईवर भागत न्हाई. माझ्याच लेकीला म्या नको म्हणलं, ती नांदेडात पडलीय. चला." अठरा वर्षं जिच्या शब्दावर गावानं लेकरं पुढं केली, ती बाई दारात उभी राहून हे बोलत होती. चौघी दवाखान्याकडं निघाल्या.

पाचवं घर पुजाचं. आठवा महिना चालू. तिची सासू पारुबाई दारातच आडवी. "जनकाबाई, परवा सुई झालीय म्हणत होतीस, आज घे म्हणतेस. उद्या काय सांगशील? माझ्या सुनेच्या पोटात लेकरू हाय." पुजाही भेदरलेली, मान हलवून नाहीच म्हणाली. पारुबाईचं बोलणं खरंच होतं.

जनकाबाई उंबऱ्यावर खाली बसली. रत्नपालला फोन लावला, आवाज मोठा केला. म्हणाली, "सपनाजवळ धर. दोनच शब्द."

"मामी, तिला बोलू नको म्हणलेत!"

"दोनच, बाबा. हितं पुजा ऐकंना."

आतल्या सिस्टरच्या हातापाया पडून त्यानं फोन आत पोचवला. त्या क्षणी मला जनकाबाईचा इतका संताप आला, की फोन हिसकून फेकावा वाटलं. लेकीला श्वास पुरेना, अन् ही तोच मागून राहिली! आधी यंत्राची टिकटिक आली. मग घुसमटलेला आवाज.

"पुजाताई... घे." मोठा खोकला. मग परत, "मी... इचारलं व्हतं... आईला... घेऊ का." अन् फोन कटला.

पुजानं पोटावर हात ठेवला. सासूकडं न बघता चपला घातल्या अन् आमच्या पुढं चालू लागली. दवाखान्यात सिस्टरनं तिला सुई टोचली तेव्हा जनकाबाई बाहेर भिंतीकडं तोंड करून रत्नपालला फोन लावत होती. लागत नव्हता. तासभर लागला नाही. त्या तासात मला वाटलं, संपलं. तिलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं माझा दंड धरला होता, अन् तिची नखं माझ्या मांसात रुतली होती.

फोन आला तेव्हा ती म्हणाली, "तू घे. माझ्यानं न्हाई होत." मी घेतला. रत्नपाल ओक्साबोक्शी रडत होता. सपनाला ऑपरेशनला नेलं होतं. पोरगी झाली होती, सव्वा किलोची. दोघी जित्या होत्या, पुढचं कोणी सांगत नव्हतं.

पुढचं सावकाश झालं. पोरगी चाळीस दिवस काचेच्या पेटीत होती, सपना अठरा दिवस ऑक्सिजनवर. पुजाला पुढच्या महिन्यात मुलगा झाला, चांगला तीन किलोचा. पारुबाईनं आम्हाला बोलावून चहा पाजला, पण जनकाबाईशी ती अजून जपूनच बोलते. जनकाबाई दर महिन्याला दवाखान्यात गेली की ऐश्वर्या मॅडमला विचारते, "सापडली का हो ती देठाची सुई?" मॅडम म्हणतात, "नाही अजून, ताई." मग ती आपली पिशवी उचलते.

त्यानंतर सपना आईला एका शब्दानं कधी टोचून बोलली नाही. माझ्यासारखं तोंड असतं तर बोलली असती, अन् बरं झालं असतं.

यंदा परत आषाढ आला. सपना पोरीला घेऊन चार दिवस राहायला आली होती. जनकाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती, मी दारात बसले होते. सपना पोरीला कडेवर घेऊन मागं उभी राहिली अन् म्हणाली, "आई, यंदाची सुई आली का? घेऊ का मी?"

जनकाबाईचे हात पिठातच थांबले. मग ती तशीच उठली. पिठाच्या हातानं नातीला घेतलं, दुसऱ्या हातानं सपनाचं मनगट धरलं, अन् पायात चपला न घालता दवाखान्याच्या वाटेनं निघाली. सपना म्हणत होती, "अगं आई, भाकर!" ती थांबली नाही. तव्यावरची भाकर करपून गेली होती, मी उतरवली.