एका नंबरावरची एकेचाळीस माणसं

आमची सून संयोगिता हिनं पुस्तक लिहिलंय. चोवीस पानी. त्यात खून नाही, लफडं नाही, पावसाचं वर्णन तर औषधालाही नाही. तरी मी चारदा वाचलं. मी सातवी पास, तीही मास्तरांच्या म्हशीला वैरण घालून. मला समजलं म्हणजे पुस्तक चांगलं असणारच.

संयोगिता लग्नाआधी बी.एस्सी. झालेली. पुढं चौदा वर्षं डबे भरले, कारण माझा मुलगा विजयसिंह शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत जातो आणि भट्टीपेक्षा त्याचं पोट जास्त तापतं. पोरगी आठवीत गेली तशी हिनं शहरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी धरली, दोन महिन्यांच्या बोलीवर. कंपनीनं दूध संस्थांसाठी सॉफ्टवेअर केलं होतं, सभासदांचे फोन नंबर नि पत्ते बदलायला. ते कसं वापरायचं हे हिनं लिहायचं.

मालक राजवर्धननं अट घातली. गडहिंग्लजकडच्या एका संस्थेचे सेक्रेटरी निव्वळ पुस्तक बघून, कंपनीला एकही फोन न करता यादी नवी करतील, तर नोकरी पक्की. नाहीतर परत डबे.

आधी इंजिनीअर पोरांनी लिहिलेलं हिनं मला दाखवलं. ‘वापरकर्त्याने संबंधित अभिलेख निवडून अद्यतन प्रक्रिया कार्यान्वित करावी.’

“हे कुणाच्या तेराव्याला वाचायचं?” मी विचारलं.

हिनं ते फाडलं नि लिहिलं, ‘नाव शोधा. त्यावर बोट ठेवा. जुना नंबर पुसा, नवा घाला.’ आणि दुसऱ्या पानावर, ‘कामाआधी जुन्या यादीची प्रत बाजूला काढून ठेवा, विरजण ठेवतो तशी. बिघडलं तर तीच परत लावा.’

राजवर्धन हसला. “मॅडम, हे सॉफ्टवेअर हाय का स्वयंपाकघर?”

“सर, सेक्रेटरींना कॉम्प्युटर कळत नसंल, दही कळतंय की.”

सेक्रेटरी होते हंबीरराव. पलटणीतनं रिटायर. लिहिलेलं म्हणजे हुकूम. पंधराव्या पानावर होतं, ‘एकाच नंबरावर दोन नावं असली तर सॉफ्टवेअर विचारेल, माणूस एकच आहे का? हो दाबा, नावं एकत्र होतील.’

आता त्या गावात दूध घालणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना हिशेबाच्या मेसेजमधलं बारीक अक्षर दिसत नाही. म्हणून त्यांनी नंबर दिलेला गुंडूचा. गुंडू दूध मोजतो, आणि ज्याचा मेसेज त्याला संध्याकाळी खणखणीत वाचून दाखवतो. गुंडू धरून एकेचाळीस माणसं एका नंबरावर. हंबीररावांनी चाळीसदा ‘हो’ दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बयाबाई किटली घेऊन आल्या, तर यादीत नाव नाही. पुढचं मला हंबीररावांनीच सांगितलं. मीठमसाला तेवढा माझा.

“हंबीरराव, मी मेले व्हय रं?”

“न्हाय मावशी. तुमी गुंडू झालासा.”

“आगं बया! मग त्याच्या बायकूला सांगा, आजपासनं माझ्या भाकरी बी तिनंच थापायच्या.”

इकडं राजवर्धननं आपल्या स्क्रीनवर सभासदांचा आकडा चाळीसनं घसरलेला बघितला. “मॅडम, माणसं कुठं गेली?”

“ती ओळ माझी सर,” संयोगिता म्हणाली. “नंबर एक म्हणजे माणूस एक, असं मीच धरून चालले. जाऊन बघते.”

घरी आली नि तडक स्वयंपाकाला लागली. भाजीत मीठ दोनदा पडलं, आम्ही मुकाट्यानं खाल्लं. सकाळी ती एसटीत बसली. मला कुणी बोलावलं नव्हतं, म्हणून भडंगाचं पुडकं घेऊन मीही चढलो.

संस्थेत पोचलो तर बयाबाई पुन्हा बयाबाई झालेल्या! हंबीररावांनी दुसरं पान पुढं धरलं. “विरजण काढून ठेवलंतं. परत लावलं, आन् गुंडूचा नंबर सोडून बाकी यादी नवी केली.”

“मग फोन का नाही केला काका?” संयोगितानं विचारलं.

“करायचा न्हाय असा हुकूम हुता की.”

 अट मोडली नव्हती. मग दिवसभर गुंडूजवळ बसून हिनं एकेकाला विचारलं, नंबर कुणाचा, मेसेज कोण वाचतं. पंधरावं पान नवं लिहिलं, ‘नंबर एक असला तरी माणसं वेगळी असतात. आधी विचारा, मग बोट ठेवा.’ आणि राजवर्धनकडनं सॉफ्टवेअरमध्ये एक नवा रकाना घालून घेतला. नंबर कुणाचा?

बोलीचे दोन महिने संपले नि ती घरी बसली. त्यानंतर चार दिवस कंपनीकडनं निरोप नाही. संयोगिता फोन उशाला घेऊन बसलेली. पाचव्या दिवशी विजयसिंह जेवताना म्हणाला, “तुझ्या साहेबाचा फोन आलता परवा. पक्कं झालं म्हणत हुता. भट्टीच्या आवाजात मला वाटलं, कास्टिंगचं बोलतोय.”

“तुम्हाला कशाला फोन?”

“अर्जात माझाच नंबर दिलायस न्हवं?”

चौदा वर्षं प्रत्येक कागदावर तिनं नवऱ्याचाच नंबर घातलेला. कंपनीतल्या माणसांची यादीही त्याच सॉफ्टवेअरमध्ये होती. ताट तसंच ठेवून ती उठली, लॅपटॉप उघडला. स्वतःचं नाव शोधलं. त्यावर बोट ठेवलं. जुना नंबर पुसला, नवा घातला. ‘नंबर कुणाचा?’ पुढं लिहिलं, ‘माझा.’

“मग आता मला कोण फोन करणार?” विजयसिंहानं तोंड पाडून विचारलं.

“गुंडू,” मी म्हणालो.