सेकंड बेसवरच्या दोन इनिंग

बडनेरा स्टेशनवर आई रडली, मावशी रडली, सोडायला आलेल्या दोन मैत्रिणीही रडल्या. मी खिडकीपाशी बसून हात हलवत होते. बाबा गाडीबरोबर फलाटावर थोडं चालले. "जयभीम बेटा," म्हणाले, "वेळेवर जेवत जा." गाव मागे पडलं की रडू येईल असं मला वाटलं होतं. आलं नाही.

बाबा अमरावतीच्या एका शाळेत पीटीचे सर होते. सॉफ्टबॉल त्यांनीच शिकवला. मी विद्यापीठाकडून खेळले, राज्याच्या कॅम्पपर्यंत गेले आणि मग इंजिनीअरिंगच्या नोकरीला लागले. भूकंपानंतर न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चला इंजिनीअर हवे होते. तडकलेली घरं बघायची आणि दुरुस्त होतील की पाडावी लागतील ते सांगायचं, हे माझं काम. घरच्या बायका चहा द्यायच्या. भिंतीतली भेग दाखवताना त्यांचा आवाज कापायचा. मी फोटो काढून, थँक यू म्हणून पुढच्या घरी जायचे. संध्याकाळी फ्लॅटवर खोली गरम करायला हीटपंप लावायचा, कुकर लावायचा. फोनवर आई विचारायची, "आठवण येते का गं?" मी हो म्हणायचे. नाही म्हटलं असतं तर तिला काय वाटलं असतं!

मग ऑफिसातल्या एकीकडून कळलं, तिच्या सॉफ्टबॉल क्लबला इनफिल्डर, म्हणजे बेसजवळ खेळणारी, हवी आहे. कोच टीना भर गारठ्यात जँडल्स, म्हणजे रबरी स्लिपर, घालून ग्राउंडवर उभी होती. तिनं जमिनीलगत काही चेंडू मारले, मी उचलून फेकले. "स्वीट अ‍ॅज," म्हणजे एकदम मस्त, ती म्हणाली, "सेकंड बेस तुझा." भारतात मी शॉर्टस्टॉप होते, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमध्ये, जिथून पहिल्या बेसवर लांब फेकावं लागतं. पण तिशी उलटली होती, लांबची फेक पूर्वीसारखी जात नव्हती, ते तिनं लगेच ओळखलं. तेव्हापासून पहिल्या आणि दुसऱ्या बेसमधली जागा माझी झाली. अमरावतीच्या भाजलेल्या मैदानावर चेंडू उसळून तोंडावर यायचा; इथं ओल्या गवतावरून तो गपचूप सरकत येतो. तो येत असताना मी पूर्ण जागी असायचे. बाकीचा आठवडा नुसता जायचा.

एका डिसेंबरात विभागाच्या संघातल्या सेकंड बेसवालीचा पाय मुरगळला आणि टीनानं माझं नाव दिलं. मला शेवटच्या दोन इनिंग मिळाल्या. चेंडू एकदाच आला. उचलला, पहिल्या बेसवर दिला, आउट. पुढच्या मॅचला ती मुलगी परत आली. वरच्या पातळीवरची माझी कारकीर्द एवढीच. बाबांना फोनवर दोन-तीन वाक्यांत सांगितलं आणि विसरले.

बाबा विसरले नव्हते. दोन वर्षांनी सुट्टीवर अमरावतीला गेले तर बाबांच्या शाळेत माझा सत्कार ठेवलेला. स्टेजवर बॅनर: 'न्यूझीलंडच्या आंतरराष्ट्रीय खेळाडू'. पहिल्या रांगेत बाबा, कडक इस्त्रीच्या शर्टात. हेडसरांनी शाल घातली, हातात माइक दिला.

"बॅनरवर चुकलंय," मी म्हणाले. "मी न्यूझीलंडकडून खेळलेली नाही. तिथल्या एका विभागाकडून खेळले. एक मॅच, त्यातल्या दोन इनिंग."

कुणीतरी टाळ्या सुरू करून थांबवल्या. बाबा जमिनीकडे बघत होते. मला वाईटही वाटलं नाही. शाल खांद्यावरून घसरतेय, तेवढंच कळत होतं.

परत जाताना स्कूटर बाबा चालवत होते. रेल्वे फाटकाशी थांबलो तेव्हा मान न वळवता म्हणाले, "चेंडू आला होता ना तुझ्याकडे?"

"आला होता."

"सुटला नाही ना?"

"नाही, बाबा."

"मग झालं तर."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला माझे स्पाइक्स, खिळ्यांचे बूट, घालायला लावले आणि ग्राउंडवर नेलं. मुलींची प्रॅक्टिस चालू होती. शिट्टी वाजवून त्यांनी सगळ्यांना गोळा केलं. "ही माझी मुलगी. सेकंड बेस खेळते. तिकडं दोन इनिंग खेळली." त्यांचा आवाज एवढा खणखणीत मी कधी ऐकला नव्हता. पुढचा तासभर मी त्या पोरींबरोबर खेळले. घरी आले तेव्हा घोट्यापर्यंत काळी माती होती.

तुम्ही सगळे विचारता, इकडचे आणि तिकडचे, की आता घर कुठलं. मला ठरवून सांगता येत नाही. त्या सुट्टीवरून परत ख्राइस्टचर्चला उतरले तेव्हा विमानातल्या कार्डावर मातीत वापरलेले बूट आहेत का या प्रश्नाला मी 'हो' लिहिलं होतं; बाहेरची माती तिथं आत येऊ देत नाहीत. काउंटरवरच्या बाईनं स्पाइक्स उलटे करून बघितले.

"कुठली माती?"

"घरची," मी मराठीतच म्हणाले आणि मग, "फ्रॉम होम."

तिनं मान हलवली आणि बूट आत नेले. थोड्या वेळानं स्वच्छ धुऊन आणून दिले. माझा न्यूझीलंडचा पासपोर्ट बघून हसली. "देअर यू गो. वेलकम होम."

मी थँक यू म्हणाले. बाहेर बोचरा वारा होता. बसमध्ये बूट मांडीवर घेऊन बसले. त्यांतून पाणी ठिबकत होतं, जीन्स गार पडली होती. शेजारची सीट रिकामी होती, पण बूट तिथं ठेवावेसे वाटले नाहीत.