एका हाताने घालायचा ब्लाउज

राजश्रीने तुर्भ्याच्या कपड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं मशीन चालवली. कारखाना बंद पडला तेव्हा करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये ती एकटीच होती. नवरा वारून चार वर्षं झाली होती, मुलगी सोनम नोकरीला पुण्यात. घरची मशीन खिडकीशी ओढून तिने तयार ब्लाउज शिवून विकायचं ठरवलं.

सोनमचं म्हणणं, नवरीचे शिव, मागे दोऱ्या आणि लटकन, तेच खपतं. राजश्रीने कापड आणलं, पण कात्री पुढे जाईना. तो ब्लाउज घालणारी बाई तिच्या डोळ्यांसमोर येतच नव्हती. म्हणून ती कापड दाखवत, ब्लाउज कसा हवा, असं बिल्डिंगमधल्या बायकांना विचारत फिरली. बहुतेकींनी छान आहे म्हटलं आणि दार लावून घेतलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या सत्यभामाबाईंनी मात्र आत बोलावलं. लकव्याने त्यांचा डावा हात गेला होता. दीड वर्षात त्या खाली उतरल्या नव्हत्या. लिफ्ट आहे की, असं राजश्री म्हणाली, तेव्हा त्यांनी अंगावरच्या गाऊनकडे पाहिलं.

"सुनेला सांगितलं तर ती ब्लाउजचे हुक लावते. पण तिची घाई दिसते हो. मग मीच सांगायचं सोडलं."

राजश्रीला ते ठाऊक होतं. नवरा गेल्यावर एकदा तिचा खांदा आखडला होता तेव्हा हुक लावायला घरात कुणीच नव्हतं. दोन महिने तिने नवऱ्याचे शर्ट घातले होते. हे सोनमलाही माहीत नव्हतं.

नवरीचं कापड तिने कपाटात टाकलं. डावा हात ओढणीने पाठीशी बांधून ती एकेक नमुना घालून बघू लागली. वेलक्रोने पदराचे धागे ओढले. पर्सला असतात तशी चुंबकाची बटणं लावली, तर वाकलं की उघडायची. तिसऱ्या खेपेला बटणं वाढवून आतून पट्टी दिली, तेव्हा जमलं.

"अशी गिऱ्हाइकं किती मिळणार, आई?" सोनमने फोनवर विचारलं.

"किती ते माहीत नाही. सत्यभामाबाई आहेत."

त्या रविवारी सत्यभामाबाई साडी नेसून खाली आल्या. साडीच्या निऱ्याही राजश्रीनेच शिवून दिल्या होत्या. तासभर दोघी गेटपाशी उभ्या राहिल्या.

पुढच्याच महिन्यात सत्यभामाबाईंच्या मुलाने उलव्याला घर घेतलं आणि त्या तिकडे राहायला गेल्या. तिथून एकदा त्यांचा फोन आला. शेजारच्या दोघींना तसाच ब्लाउज हवा होता. राजश्रीने मापं लिहून घेतली. बोलणं संपलं होतं, तरी तिला फोन ठेवावासा वाटेना. तिने विचारलं, आज जेवायला काय केलं?