बेबीचं हळदीकुंकू, सरकारी गेटवर

माझी बायको बेबी किती हट्टी आहे ते आमच्या चेरीताल मोहल्ल्यात कोणालाही विचारा. लग्न झाल्यापासून मी तिच्याशी भांडून राहिलो, अजून एकदाही जिंकलो नाही.

बारा वर्षांपूर्वी तिलवाऱ्याच्या रस्त्यावर ट्रकनं तिच्या स्कूटरला उडवलं. कमरेखालचं सगळं लुळं पडलं. तेव्हापासून व्हीलचेअर, अन् लघवी काढायला दिवसातून चार-पाचदा नळी. नळी दर वेळी नवी लागते, जुनी वापरली की संसर्ग होतो. दोनदा झालाय. डॉक्टर म्हणाले, आणखी एकदा झाला तर किडनी जाईल. या नळ्या सरकारी आरोग्य कार्डावर मिळायच्या. यंदा त्या यादीतून काढून टाकल्या. काहून? तर म्हणे किरकोळ सामान! किरकोळ! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बेबी अन् तिच्यासारख्या सात-आठ जणी आरोग्य कार्यालयाच्या गेटवर धरणं द्यायला गेल्या. परवानगी नाही म्हणून पोलिसानं हाकललं. घरी येऊन बेबीनं भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. मग म्हणाली, "संक्रांतीचं हळदीकुंकू राहिलंय ना माझं? त्याच गेटवर करते. त्याला कोणाची परवानगी लागते?"

"अन् वाण काय देशील?" मी चेष्टेनं विचारलं.

"नळ्या."

"अगं, घरात आता मोजक्याच उरल्या! डोकं फिरलं काय तुझं?"

"मग काय, वापरलेल्या देऊ?"

मी हातातलं पातेलं आपटलं. तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी गेटसमोर सतरंजी अंथरली. शिपाई धावत आला. "अम्मा, धरना मना है."

"धरना कहाँ है भैया? त्योहार है. लो, लड्डू खाओ."

बिचारा तिळाचा लाडू खात उभा राहिला. त्या सात-आठ जणींतल्या शकुचा नवरा वारलेला, म्हणून ती आपली कुबडी घेऊन मागं सरकत होती. बेबीनं तिचा हात धरला अन् पहिलं कुंकू तिलाच लावलं.

तेवढ्यात लतिका मॅडमची गाडी आली. त्या कार्यालयाच्या मोठ्या अधिकारी, माहेर नागपूरचं. बेबीनं हाक मारली, "मॅडम, कुंकू लावून जा!" मराठी बाई, हळदीकुंकवाला पाठ कशी दाखवणार? वाकल्या, कुंकू लावून घेतलं, ओंजळ पुढं केली. बेबीनं ओंजळीत पाकीट ठेवलं.

"हे काय?"

"लघवीची नळी. तुम्ही यादीतून काढली ती." मग बेबीनं सगळं सांगितलं. कुठं घालतात, कशी घालतात, जुनी घातली की ताप कसा चढतो, सगळं. सख्ख्या बहिणीला कधी बोलली नाही ते भर रस्त्यावर, खणखणीत आवाजात. आधी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग वाटलं, लाज मला काहून वाटून राहिली? ज्यांनी यादी केली त्यांना वाटू दे की!

मॅडम पाकीट परत द्यायला गेल्या अन् त्यांचा हात तिथंच थांबला. वाण परत करत नाहीत, हे त्यांच्याही आईनं शिकवलं असणार. त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं अन् आत गेल्या.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "काकू, उद्या भोपाळहून यादी ठरवणारे साहेब येणार आहेत. वर माझ्या केबिनमध्ये या, त्यांना तुम्हीच सांगा."

"सांगते ना. पण वर यायला लिफ्ट नाही. साहेबांना खाली गेटवर आणा," बेबी म्हणाली. "उद्या तिथं आमच्यातल्या दीपाचं हळदीकुंकू आहे. नंतर रथसप्तमीपर्यंत रोज एकीचं."

फोन ठेवला. घरात नवी नळी एकही नव्हती, सगळ्या वाणात गेल्या होत्या. मी एक वापरलेली धुतली अन् उकळायला ठेवली. पातेल्यातलं पाणी खदखदायला लागलं, अन् बाप्पा, मला रडूच फुटलं. नळी पाण्यात, डोळ्यांत पाणी, काही दिसेना.

बेबी चाकं ढकलत ओट्यापाशी आली. "अहो, आधी गॅस बंद करा, मग रडा," ती म्हणाली. "नळी वितळेल. सकाळी तीच घालून जायचंय मला."